थंडीत मोडणारा नेम आणि औंधचे राजेसाहेब

दिवाळीत हौसेने घेतलेले चालण्याचे बूट संक्रांतीपर्यंत दाराशी धूळ खात पडतात, हे बारामती-इंदापूरकडच्या अनेक घरांतले चित्र आहे. कारणेही खोटी नसतात. जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजतात. कालव्याकाठी आणि उजनीच्या फुगवट्याला पहाटे धुके असते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशा कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतो, त्यामुळे अंधारातच उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्याला लागलेले असतात. अशा रस्त्याच्या कडेने साठीच्या माणसाने चालू नये, हेच बरे.

पण रक्तदाब आणि मधुमेह थंडीची सुट्टी घेत नाहीत. गारठ्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावरचा ताण वाढतो. नेमके याच दिवसांत चालणे बंद पडते आणि तीळगुळ, हुरडा, लग्नाची जेवणे सुरू होतात. मार्चमध्ये तपासणीला आलेला माणूस साखरेचा आकडा पाहून चकित होतो.

व्यायामाचा नेम टिकवण्याचा प्रश्न एका माणसाने आपल्यापुरता फार चांगला सोडवला होता, आणि त्याचे गाव इथून फार लांब नाही. नीरा ओलांडून फलटण, दहिवडी, वडूज करत गेले की औंध लागते. तिथले राजे भवानराव श्रीनिवासराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

त्यांचा जन्म १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले, १९०९ मध्ये गादीवर बसले. माणूस अनेक नादांचा. स्वतः चित्रे काढत, कीर्तन करत. महाभारताची चिकित्सक आवृत्ती निघावी म्हणून भांडारकर संस्थेला १९१८ साली त्यांनी लाखाची देणगी कबूल केली. १९३५ च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. औंधला यमाईच्या डोंगरावरचे चित्रसंग्रहालय त्यांनीच उभारलेले.

व्यायामाची आवड त्यांना तरुणपणीच लागली, पण सुरुवात नमस्कारांनी झाली नाही. त्या काळी युजेन सँडो या पहिलवानाचे नाव जगभर गाजत होते. जर्मनीत जन्मलेला आणि लंडनमध्ये प्रसिद्धीला आलेला हा गडी डंबेल्स आणि स्प्रिंगची साधने वापरून शरीर कमवायला शिकवी. बाळासाहेबांनी त्याचे पुस्तक आणि साधने मागवली आणि सुमारे दहा वर्षे तो व्यायाम केला. दहा वर्षे म्हणजे काही थोडी नव्हेत; चिकाटी अंगात होतीच. तरीही चाळिशीच्या सुमारास, मिरजच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून, ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग तेच धरून बसले.

नमस्कार त्यांनी शोधून काढलेले नाहीत. महाराष्ट्रात ते घरांतून आणि तालमींतून आधीपासून होते. बाळासाहेबांनी केले ते एवढेच की त्यांची पद्धत नीट बसवली, दहा स्थितींत मांडली, श्वास कुठे घ्यायचा आणि कुठे सोडायचा हे ठरवून दिले आणि ते रोजच्या दिनक्रमात घट्ट बांधले. साधन नको, सोबती नको, मैदान नको. सतरंजीएवढी जागा पुरते, म्हणजे धुके असो की पाऊस, सबब उरत नाही. प्रत्येक नमस्काराला मंत्र आणि सूर्याचे एक नाव, त्यामुळे मोजदादही आपोआप होते आणि मनही भरकटत नाही. शिवाय ते एकटे नव्हते. राणीसाहेब आणि मुलेही नमस्कार घालत. घरातली चार माणसे उठून उभी राहिली की पाचव्याला पांघरुणात राहणे अवघड जाते. जाड रजईच्या दिवसांत याचा उपयोग मोठा.

संस्थानातल्या शाळांतूनही त्यांनी नमस्कार सुरू केले. मुलींनाही त्यात घेतले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे इंग्रजीतून पुस्तक लिहिले, आणि लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंच्या हातून त्यांची पद्धत १९३८ मध्ये लंडनमधल्या वाचकांपर्यंत पोचली. तोवर राजेसाहेब सत्तरीला आले होते.

या उत्साहाला दुसरी बाजूही होती. नमस्काराने जवळपास सगळेच रोग हटतात, असा त्यांचा विश्वास होता. तो आज कोणताही डॉक्टर मान्य करणार नाही. रोज शेकड्यात नमस्कार घालण्याचा त्यांचा आग्रहही सर्वांना झेपणारा नव्हे. लोकांनी थट्टाही केली. आचार्य अत्रे यांच्या १९३३ च्या ‘साष्टांग नमस्कार’ नाटकात नमस्काराच्या वेडाची भरपूर टिंगल आहे. राजेसाहेबांचा नेम त्याने मोडला नाही.

आज त्यांच्यापासून घ्यायचा तो आकडा नव्हे, पद्धत घ्यावी. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी शिफारस आहे. ती एका दिवसात गाठायची नाही. पाच-सहा नमस्कारांनी सुरुवात करून दर आठवड्याला एक-दोन वाढवले तरी पुरे. थंडीत स्नायू आखडलेले असतात, म्हणून आधी पाच मिनिटे घरातच हातपाय हलवावेत आणि पहिले नमस्कार अगदी सावकाश घालावेत. ऊन वर आल्यावर केले तरी चालते. पहाटेचा हट्ट नको. रक्तदाब आटोक्यात नसेल, डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल, हर्निया असेल किंवा हृदयविकार असेल तर डोके खाली जाणाऱ्या या स्थिती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जोराचा व्यायाम टाळावा. गुडघे धरलेले असतील तर अंगणातल्या फेऱ्या किंवा खुर्चीवरून दहा वेळा उठबस, हेही त्याच वेळी, त्याच जागी, घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन करता येते. व्यायाम करताना छातीत दाब आला किंवा दरदरून घाम सुटला, तर तिथेच थांबून लगेच दवाखाना गाठावा.

१९३९ च्या जानेवारीत बाळासाहेबांनी आपली राजसत्ता आपणहून प्रजेच्या हाती दिली, आणि १९४८ मध्ये संस्थानही विलीन झाले. १९५१ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी ते गेले. पुढे १९७० मध्ये त्यांचे चिरंजीव अप्पा पंत यांनी सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत एक छोटे पुस्तक लिहिले. लहानपणी औंधच्या वाड्यात वडिलांबरोबर घातलेले तेच नमस्कार त्यात आहेत.