शिक्षक ते राष्ट्रीय प्रशिक्षक : मरहूम रहीमसाहेब

आपला बीड जिल्हा १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच राज्याने देशाला सय्यद अब्दुल रहीम हे थोर फुटबॉल प्रशिक्षक दिले. १९०९ साली जन्मलेले रहीमसाहेब पेशाने शिक्षक. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून ते स्वतः खेळले. १९५० पासून त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघ घडविला. दोन्ही पाय सारखेच तयार व्हावेत म्हणून ते केवळ कमजोर पायाने खेळावयाचे सामने भरवीत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ साली दिल्लीत आशियाई सुवर्णपदक जिंकले व १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळविले. १९६२ साली कर्करोगाशी झुंजत असतानाही त्यांनी संघ जकार्ताला नेला. दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून पुन्हा सुवर्णपदक आणले. ११ जून १९६३ रोजी ते पैगंबरवासी झाले. वर्गातील शिस्त मैदानावर नेणाऱ्या या शिक्षकाचा आदर्श विद्यार्थ्यांनी अवश्य गिरवावा.