आजचं चिंतन : घेतलं ते फेडणारा (गीता ३.१२ आणि गाडगेबाबा)



आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला बारावा. अर्थ सोपा, पण पचायला जड. यज्ञाने संतुष्ट झालेले देव माणसाला हवे ते भोग देतात. त्यांनी दिलेलं जो त्यांना काहीच परत न करता एकटाच भोगतो, तो चोर. भगवंतांनी स्वार्थी किंवा आळशी असा मवाळ शब्द शोधला नाही, सरळ चोर म्हणून टाकलं. पुढच्या तेराव्या श्लोकात स्वतःपुरतंच रांधणारा पाप खातो, इथवर मजल जाते. माउलींनी या यज्ञाचा अर्थ होमकुंडात न अडकवता स्वधर्मापर्यंत नेला, म्हणजे ज्याच्या वाट्याला जे काम आलंय ते त्याने निष्ठेने करावं, तोच त्याचा यज्ञ.

आता गंमत अशी, की हा श्लोक आपण नेहमी दुसऱ्याला लावतो. मालाडला संध्याकाळी कट्ट्यावर बसा. फुकट रेशन, लाडक्या बहिणीचे दीड हजार, झोपडीच्या बदल्यात घर, यावरून कुणी ना कुणी तापलेला असतोच. सगळे नुसते घ्यायला बसलेत म्हणे! बोलणाऱ्याचं स्वतःचं घर पाचशे चौरस फुटांच्या आतलं असतं आणि २०२२ पासून त्याचा मालमत्ता कर माफ झालेला असतो. पंच्याहत्तरी ओलांडलेले आजोबा एसटीने गावाला फुकट जाऊन आलेले असतात. आणि सकाळी नळाला येणारं पाणी कुठून येतं? वैतरणा, तानसा, भातसा ही आपली धरणं शहापूरच्या पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघत उभ्या असतात. म्हणजे घेणाऱ्यांच्या रांगेत आपणही आहोत, आपली रांग फक्त दिसत नाही.

हा श्लोक वाचला की मला गाडगेबाबा आठवतात. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, गीता त्यांनी हातात धरून वाचलेली नाही. पण हे दोन श्लोक जगलेला माणूस शोधायचा, तर माझं बोट त्यांच्याकडेच जातं.

जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. परिटाचं घर. नाव डेबू, डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. तिथे डेबूने मामाची गुरं राखली, नांगर धरला, उत्तम शेती केली. पण मामा सावकाराच्या कचाट्यात सापडला. कागदावर काय लिहिलंय ते घरात कुणालाच कळत नव्हतं. फेडलेलं कर्ज फिटलं नाही, जमीन गेली, मामा खचून वारला. पुढे सावकाराची माणसं ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूने शेतातच त्यांना अडवलं, आणि काही जमीन सोडवली. नंतर आयुष्यभर बाबा कीर्तनात मुलांना शाळेत घाला, कर्ज काढून लग्नं करू नका, देवाला बकरं कापू नका, असं पोटतिडकीने सांगत राहिले, त्याचं मूळ या शेतात आहे. स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रीतीप्रमाणे दारू-मटण न करता गोड जेवण घालून त्यांनी भाऊबंदांचा रोषही ओढवून घेतला होता.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मातीचं फुटकं गाडगं. त्या गाडग्यातच जेवायचं, त्यातच पाणी प्यायचं. नावही त्यावरूनच पडलं.

इथे जरा थांबायला हवं, कारण आजच्या श्लोकाचा गाभा या भटकंतीत आहे. भिक्षेकरी तर गावोगाव होते. हा वेगळा कशाने? गावात शिरला की आधी खराटा हातात. रस्ता झाडायचा, गटार उपसायचं, कुणाची लाकडं फोडून द्यायची, कुणाचा भारा उचलून द्यायचा. मग भाकरी मागायची. तीही चटणी-भाकरी, गाडग्यात घेऊन बाहेर कुठेतरी बसून खायची. कुणी पाया पडायला वाकला तर काठी उगारायची. मेजवानीची पंगत बसली की बाबा उष्ट्या पत्रावळी उचलायला. दिवसभर गाव झाडून झालं की रात्री त्याच गावात कीर्तन, आणि कीर्तनात माणसांची डोकी झाडायची. फुकटचा घास त्यांना चालतच नसे.

पण हाच नियम त्यांनी सगळ्यांना लावला का? नाही, आणि कट्ट्यावर नेमका हाच भाग सांगायचा राहून जातो. पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचं तीर्थ आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नाव बघा, ऋणातून सोडवणारं. लोक चिखलातून घसरत नदीत उतरायचे. बाबांनी तिथे घाट बांधवला आणि यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना जेवू घालण्याचा पायंडा पाडला. त्यांना कुणी आधी खराटा मारायला सांगितलं नाही. कसला दाखला मागितला नाही, तुझ्या आजाराला तूच कारणीभूत आहेस असंही ऐकवलं नाही. धडधाकट माणसाने कष्ट केल्याशिवाय खाऊ नये, आणि ज्याचे हातपाय चालत नाहीत त्याला पंगतीत मानाने बसवून वाढावं. दोन वेगळे हिशेब, आणि दोन्ही एकाच माणसाचे. पहिला त्यांनी सर्वांत कडक स्वतःला लावला, दुसरा सर्वांत सैल अनोळखी माणसाला. आपण बहुतेक वेळा बरोबर उलटं करतो.

पुढे पैसा ओघाने आला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरला देवळाची पायरी ज्यांना बंद होती, त्या वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. लाखोंचा व्यवहार, पण बाबा पैशाला हात लावत नसत. सगळं विश्वस्तांच्या हवाली, घरच्यांचा त्यावर काडीचा हक्क ठेवला नाही. बांधलेल्या धर्मशाळेत स्वतः मुक्कामही करत नसत. एकुलता एक मुलगा गोविंदा कुत्रं चावून गेला, ती बातमी कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना आली आणि कीर्तन थांबलं नाही, हा प्रसंग बहुतेकांना माहीत आहे. मला स्वतःला तो वाचवत नाही. कुंताबाईंनी काय सोसलं असेल, हे कुठल्या कीर्तनात फारसं येत नाही. फेडणारा माणूस कधीकधी घरच्यांच्या वाट्याचंही फेडून टाकतो, एवढं मनात येतं आणि मी पुढे सरकते.

१९४९ साली बाबा मुंबईत आजारी होते, तेव्हा डॉ. आंबेडकर भेटायला आले. ते तेव्हा देशाचे कायदेमंत्री. त्यांनी दोन घोंगड्या आणल्या आणि कुणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या, असं सांगतात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी त्याच सुमारास बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. यात्रेकरूंच्या मुक्कामाची जागा शिकणाऱ्या मुलांची झाली. भुकेल्याला भाकरी हे दान झालं. पण सावकाराचा कागद ज्याला वाचता येईल, त्याला पुढच्या वेळी हात पसरावा लागणार नाही, हा दापुऱ्याच्या शेतातला हिशेब इथे पुरा होतो.

कुणी विचारेल, कष्ट करून खा हे ठीक, पण कामच नसेल तर? बाबांच्या हातात खराटा होता, दुष्काळात कोरड्या शेताकडे बघत बसलेल्याने काय करायचं? या प्रश्नाला आपल्याच महाराष्ट्राने नंतर उत्तर दिलं. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, बंधारे बांधायला आली. त्या अनुभवातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यामागे वि. स. पागे होते. काम मागणं हा माणसाचा हक्क, देणं हे सरकारचं कर्ज. आणि मजुरी घ्यायची तर घाम गाळायचा. शहरातल्या लोकांनी त्यासाठी वेगळा कर भरला. पगाराच्या चिठ्ठीवर व्यवसाय कर म्हणून जी रक्कम कापली जाते ना, ती रोजगार हमीसाठीच बसवलेली. म्हणजे मालाडच्या कारकुनाने न बघितलेल्या गावाच्या पाझर तलावात आपली पाटीभर माती टाकलेली आहे. कट्ट्यावर हेही कधीतरी सांगावं.

शेवटच्या वर्षांत बाबांचं लक्ष मुंबईच्या इस्पितळांकडे गेलं. गावाकडून पेशंट येतो, त्याला खाट मिळते, बरोबरचं माणूस मात्र फुटपाथवर. त्यांच्यासाठी १९५४ मध्ये जे. जे. इस्पितळाजवळ धर्मशाळा झाली. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटा इस्पितळातल्या कॅन्सरच्या पेशंटांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आजही आसरा देते. मालाडहून दादरला उतरणाऱ्यांनी एकदा तिथे डोकावून यावं. रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढंच.

त्यांचं शेवटचं कीर्तन आपल्या लाइनवरचं आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ८ नोव्हेंबर १९५६, बांद्रा पोलीस ठाणं. इथून स्लो लोकलने अर्ध्या तासाच्या आत. प्रकृती ढासळलेली, तरी उभे राहिले. समोर खाकी वर्दीतली माणसं. त्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण झालं, ते आजही ऐकायला मिळतं. आवाज थकलेला आहे, पण समोरच्याला प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर वदवून घेण्याची खोड गेलेली नाही.

६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांनी प्राण सोडला. घरात नाही, बांधलेल्या कुठल्या धर्मशाळेतही नाही, वाटेवर.

उद्या चौदावा श्लोक घेऊ. पाऊस आणि अन्नाचा.