महर्षी कर्वे: छोट्या वर्गणीदारांचं विद्यापीठ
धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा. विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. तरी १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं, तेव्हा सरकारी मान्यता नव्हती. कर्वे वर्गणीसाठी दारोदार फिरले. लहान वार्षिक वर्गणी देणाऱ्यांनाही सिनेट निवडायचा हक्क मिळाला. आश्रमात शिकलेल्या विधवा पार्वतीबाई आठवले निधीसाठी अमेरिकेला गेल्या. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले. विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव मिळालं. तरीही कर्वे थांबले नाहीत. सत्तरीनंतर ते आफ्रिकेतल्या भारतीयांकडेही मदत मागायला गेले. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. १९६२ मध्ये, वयाच्या १०४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. विद्यापीठ आजही सुरू आहे.