सरांचं घर (गीता 3.12)



सध्या गावी, अंतरवाली सराटीत आहे. पहाटे ओट्यावर बसून कर्मयोगाचा बारावा श्लोक वाचला. भगवंत इथं फार कडक बोलतात. मिळालेलं नुसतं भोगायचं आणि देणाऱ्याला काहीच परत करायचं नाही, अशा माणसाला ते सरळ चोर म्हणतात. वाचताना खाशाबा जाधव आठवले.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब पैलवान, त्यामुळे लाल मातीचं वेड घरातलंच. कराडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. अंगानं किरकोळ, म्हणून कॉलेजच्या स्पर्धेत क्रीडाशिक्षकांनी नावच घेतलं नाही. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. सरांनी परवानगी दिली आणि या पोरानं आपल्याहून थोराड गडी चीत केले.

1948 ला लंडन ऑलिम्पिक. मातीतला पैलवान मॅटवर उतरला, तरी सहावा आला. 1952 ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. घरोघरी जाऊन मदत गोळा केली. खर्डेकर सरांनी तर राहतं घर 7000 रुपयांना गहाण ठेवलं. पदक मिळेल याची खात्री कुणाला होती? तरी ठेवलं. फळाची आशा न धरता कर्म करणं म्हणजे दुसरं काय असतं!

23 जुलै 1952 ला खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मला त्यापुढची गोष्ट जास्त भावते. सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून सरांचं घर सोडवलं. पुढे 1955 पासून पोलीस खात्यात नोकरी केली. 1984 मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

मी कॉलेजला शहरात गेलो, तेव्हा आईनं पाटल्या गहाण टाकल्या होत्या. नोकरी लागून चार वर्षं झाली. त्या सुटल्या का, हे मी कधी विचारलंच नाही. आज श्लोक वाचून झाल्यावर विचारलं. आई नुसती हसली. हात मोकळेच होते.

या महिन्याच्या पगारातून पहिलं काम तेच.

तुमच्यासाठी कुणी काय गहाण ठेवलंय, आज एकदा आठवून बघा.

राम कृष्ण हरी 🙏