बाळंतिणीचा हक्क आणि बाबासाहेब

घटनेचे शिल्पकार म्हणून आम्ही बाबासाहेबांना वंदन करतो. पण मजूर स्त्रीच्या आरोग्यासाठी झगडलेले बाबासाहेब आम्हाला कितपत ठाऊक आहेत?

परळच्या चाळीत संसार करणाऱ्या बाबासाहेब-रमाईंनी पाचपैकी चार लेकरे गमावली. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला. दोनच वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात बाबासाहेब प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे. हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण तोवर मालकाने तो टाळू नये, ही त्यांची भूमिका. १९२९ मध्ये कायदा झाला.

१९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यात १९४३ आणि १९४५ मध्ये सुधारणा केल्या. १९४४ मध्ये कोळशावर उपकर बसवून खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा केला. त्याच वर्षी आलेल्या प्रा. अडारकरांच्या आरोग्य विमा अहवालातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला.

रजेत मजुरी बुडणार असेल, तर गरीब बाई विश्रांती घेईल कशी? म्हणून बाबासाहेबांनी दया मागितली नाही, कायदा मागितला. पण हे कायदे शेतमजूर बाईच्या कोपीपर्यंत पोहोचले नाहीत. बीडच्या ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. खाडा पडला की दंड, म्हणून पिशवीच काढून टाकायची!

बाबासाहेबांचा अर्धवट राहिलेला हा लढा कोण पुढे नेणार? उत्तर आम्हालाच द्यायचे आहे.