डकोटाचा जनक

डकोटा विमानाचे नाव मी प्रथम ऐकले ते इतिहासाच्या तासाला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीहून आपले जवान श्रीनगरला उतरले ते याच विमानांतून. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनांत नाक कशाला खुपसावे, असे मित्रांनी विचारलेच. पण ग्रंथालयात शोधता शोधता या विमानामागचा माणूस सापडला आणि मी त्यातच रमलो.

डोनाल्ड विल्स डग्लस यांचा जन्म १८९२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. राईट बंधूंचे विमान पाहिले तेव्हापासून त्यांचे मन आकाशात. नौदलाचे शिक्षण अर्धवट सोडून ते बॉस्टनजवळच्या एमआयटीत गेले आणि १९१४ मध्ये चार वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत संपवून बाहेर पडले. १९२० मध्ये सहाशे डॉलर घेऊन कॅलिफोर्निया गाठले. पहिली कचेरी थाटली ती न्हाव्याच्या दुकानामागच्या खोलीत!

१९३१ साली कॅन्ससमध्ये लाकडी पंखाचे एक फोकर विमान कोसळले आणि लाकडावरचा लोकांचा विश्वास उडाला. पुढच्या वर्षी टीडब्ल्यूए कंपनीने तीन इंजिनांचे धातूचे विमान मागितले. डग्लस यांनी दोनच इंजिनांचे देऊ केले. पण अट अशी, की एक बंद पडले तरी विमानाने उडालेच पाहिजे. १ जुलै १९३३ ला डीसी-१ उडाले आणि नाक वर करताच दोन्ही इंजिने गप्प! कार्बोरेटरमधले तरंगे उलटे बसवले होते. वैमानिकाने कसेबसे खाली आणले. हे विमान एकच बनले. मग चौदा आसनांचे डीसी-२ आले व चांगले खपू लागले. अमेरिकन एअरलाइन्सला झोपण्याची सोय हवी होती, तर डग्लस नाखूष. चालत्या गाड्याला खीळ कशाला, असा त्यांचा स्वभाव. अखेर मन वळले, विमानाचे अंग रुंद केले आणि १७ डिसेंबर १९३५ ला डीसी-३ उडाले. रात्री चौदा शय्या, दिवसा एकवीस आसने. युद्धात त्याची लष्करी रूपे दहा हजारांवर बनली. इंग्रजांनी त्यांना डकोटा म्हटले.

पुढे चार इंजिनांचे डीसी-४, मग हवाबंद डीसी-६. १९४७ मध्ये युटा राज्यात एक डीसी-६ पेटून बावन्न जण गेले. टाकीतून सांडलेले इंधन केबिन तापवणाऱ्या यंत्राच्या वाऱ्यात ओढले गेले होते. सारी डीसी-६ विमाने काही महिने जमिनीवर ठेवून ती दुरुस्त करण्यात आली.

१९५३ मध्ये डीसी-७ आले, पंख्याच्या विमानांचे शेवटचे टोक. मला वाटते, ज्या सावधपणाने डग्लस मोठे झाले तोच येथे आडवा आला. बोइंगचे जेट १९५४ मध्येच उडाले. यांचे डीसी-८ उडायला १९५८ उजाडले. तोवर सूत्रे मुलाकडे गेली होती. १९६७ मध्ये कंपनी मॅकडोनेलमध्ये विलीन झाली. १ फेब्रुवारी १९८१ रोजी डग्लस वारले, तेव्हाही डीसी-३ विमाने मालाची ने-आण करीतच होती.