डॉ. मेबल आरोळे : गावाच्या दारी आरोग्य नेणारी डॉक्टर

जालना जिल्ह्यातील मंठा वा भोकरदन तालुक्याच्या एखाद्या वाडीवर मध्यरात्री लेकराला जुलाब सुरू झाले, तर आईबापांपुढे औषधाआधी गाडीभाड्याचा प्रश्न उभा राहतो. रुग्णालयाचे बिल त्यापुढचे. आजारपणापायी जमीन गहाण पडणे आपल्या भागाला नवीन नाही. या प्रश्नाला बीडच्या पलीकडे, जामखेड येथे उत्तर शोधणाऱ्या डॉ. मेबल आरोळे यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

मेबल यांचा जन्म १९३५ साली जबलपूर येथे झाला. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले. तेथेच नगर जिल्ह्याचे रजनीकांत आरोळे त्यांना सहाध्यायी म्हणून लाभले. १९६० साली उभयतांचा विवाह झाला आणि ग्रामीण गोरगरिबांच्या सेवेस आयुष्य वाहण्याचा निश्चय त्यांनी केला. त्या आपल्या कॅथॉलिक पंथाच्या नव्हत्या. परंतु त्यांच्या सेवेचा उगम प्रभू येशूवरील श्रद्धेतच होता.

वडाळा मिशन रुग्णालयात काम करताना एक गोष्ट त्यांना सतत सलत राहिली. बरे होऊन गेलेले मूल काही महिन्यांनी त्याच आजाराने परत येई. गढूळ पाणी, उपासमार व अज्ञान घरीच राहिले असताना खाटा वाढवून काय साधणार? पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० मध्ये हे दांपत्य जामखेडला आले.

प्रथम गावोगावी प्रशिक्षित परिचारिका ठेवण्यात आल्या. तो प्रयोग फसला, कारण गावाला त्या परक्या वाटत. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी, असे ठरले. निवडल्या गेलेल्या कित्येक स्त्रिया निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. त्यांना शिकविण्याची जबाबदारी मुख्यत्वे मेबल यांनी उचलली. (पुरस्कारांच्या बातम्यांत पतीचे नाव आधी येते; हे काम मात्र त्यांचे.) दर आठवड्याला या स्त्रिया जामखेडला येत, शिकत आणि गावी जाऊन इतरांना शिकवीत. जुलाब झालेल्या बाळाला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडेथोडे पाजावे, बाळंतपणात हात व पाते स्वच्छ असावे, कोणत्या बाळंतिणीस वेळीच रुग्णालयात न्यावे, हे त्यांना कळू लागले. रुग्णालय बंद झाले नाही. ते खरोखर निकडीच्या रुग्णांसाठी मोकळे झाले. जातिभेदाच्या भिंतीही हलल्या, कारण सवर्णांच्या घरचे बाळंतपण आता दलित ताई पाहू लागली.

या प्रकल्पातील कुटुंबनियोजनाच्या काही साधनांबाबत ख्रिस्तसभेची शिकवण वेगळी आहे, हे नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते. तथापि परिणाम डोळ्यांआड करता येत नाही. १९७१ मध्ये तेथे हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९९३ मध्ये ही संख्या १९ वर आली.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या ग्रंथात जामखेडच्या कार्याचा समावेश केला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे मेबल यांनी युनिसेफच्या दक्षिण आशियातील आरोग्यकार्यातही सल्लागार म्हणून काम केले. सप्टेंबर १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. शासनाने २००५ पासून गावोगावी 'आशा' कार्यकर्त्या नेमल्या, त्या योजनेमागील अनुभवांत जामखेडचे नाव घेतले जाते. डॉ. रजनीकांत यांनी २०११ साली देह ठेवीपर्यंत जामखेडचे काम चालविले.